टाळू

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, जोयड्याला गेले होते. डिसेंबरचे दिवस. लग्नानंतर पणजीत राहून तिथली थंडी मी विसरले होते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. तिथे रोज सकाळी बाटलीत त्याचा दगड झालेला असे. आई बाटली गरम पाण्यात ठेवायची, थेंब आधी स्वतःच्या मनगटावर घालून बघायची आणि मग लेकीच्या केसांना हलक्या हाताने तेल लावायची. टाळूवर जरा जास्तच.

"टाळू भरायला हवी गो बाय."

मी पुस्तकातले सांगायची. टाळू तेलाने भरत नाही, हाडे वाढली की साधारण दीड वर्षात ती आपोआप भरून येते. तेल केसांना चांगले, कोरडी त्वचा मऊ करते, एवढेच. कानात तर थेंबही नको. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कान सोडले, टाळू सोडली नाही.

पुढे मावशीकडून कळले. माझ्या आधीचे तिचे मूल सहा महिन्यांचे असताना जुलाबांनी गेले. शेवटी त्याची टाळू खोल गेली होती. अंगातले पाणी कमी झाले की असे होते. त्याला तेल नव्हे, पाणी आणि औषध हवे होते. आईने मात्र तो खड्डाच लक्षात ठेवला.

आता कुणाचे बाळ बघायला गेले, की मी खोबरेल नेते. टाळू खोल दिसली तर तडक डॉक्टरकडे न्या, हेही सांगून येते.