पुतळा गेला, पुतळा आला

कोल्हापूरला आलात की अंबाबाईचं दर्शन होतं, रंकाळ्यावर भेळ होते. या वेळी आईबाबांना सांगा, तासभर जास्त काढा. शिवाजी चौकात जायचंय.

रिक्षा, मोटारी, हॉर्न यांच्या मधोमध महाराजांचा अर्धपुतळा दिसेल. त्याच जागी पूर्वी दुसराच पुतळा होता, सर लेस्ली विल्सन यांचा! हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं, ते विलायतेतून नेमले गेले होते. १९२८ साली ते मुंबई सोडून गेले. म्हणजे १९४२ चं 'चले जाव' आंदोलन पेटलं तेव्हा स्वारी दूर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडची गव्हर्नर! पण पुतळा मात्र इथंच. येता-जाता लोकांना आठवण करून द्यायचा, मालक कोण ते.

त्या वर्षी भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो पुतळा विद्रूप केला. भर शहरात, पोलिसांचा धाक असताना! पकडलं तर तुरुंग, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पुढं १९४३ मध्ये तरुणांनी त्यावर घणाचे घाव घातले. १९४५ साली तिथं शिवाजी महाराज आले.

असं इतर देशांतही घडलंय, बरं का. १९५६ साली हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात लोकांनी हुकूमशहा स्टालिनचा भलामोठा पुतळा पाडला. चौथऱ्यावर उरले नुसते बूट!

आता चालत बिंदू चौकात या. फार लांब नाही. इथं हुतात्मा स्तंभ आहे. जवळच महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच. पुतळा कुणाचा उभारायचा, हे आता लोक ठरवत होते.

वेळ असेल तर गारगोटीची एसटी धरा. १३ डिसेंबर १९४२ रोजी क्रांतिकारकांनी तिथल्या कचेरीवर आणि खजिन्यावर हल्ला केला. पोलिसांच्या गोळ्यांनी सात जण गेले. शहरातला पुतळा फोडण्याची गोष्ट सांगायला मजा येते. ही सांगताना येत नाही. गेलेले या भागातले. त्यांचं रोजचं जेवण घरी वाट बघत असणार.

वाटेत मुदाळ लागतं. तिथल्या सूतगिरणीचं नाव हुतात्मा स्वामी-वारके. एकाच माणसाचं नाव वाटतं ना? मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. पण ते दोघे आहेत : करवीरय्या स्वामी आणि नारायण वारके. त्या सातांतले. तिसरे मुरगूडचे तुकाराम भारमल. उरलेल्या चौघांची नावं गारगोटीला उतरलात की विचारा. तिथली तुमच्याएवढी मुलंसुद्धा सांगतील.