निरोप्याची रजा

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या घरातले दोन पुरुष एकमेकांशी बोलायचे थांबले. मुलाचं इंजिनीअरिंगचं इयर डाउन झालं, पुण्याहून सगळं सामान घेऊन तो कोल्हापूरला आला आणि हे एवढंच म्हणाले, "माझ्याकडून फी आता मिळायची नाही." पुढचे अडीच महिने दोघं माझ्या तोंडाने बोलले. "त्याला विचार, गाडीत पेट्रोल टाकलं का." "बाबांना सांग, टाकलंय." मध्ये अंतर एका सोफ्याचं.

मी समुपदेशनाचं नाव काढलं, तेव्हा सासूबाईंनी देवघरातूनच विचारलं, "घरचं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?" हे म्हणाले, "कोर्टात घटस्फोटाच्या आधी करतात, तेच ना?" त्यांचंही खोटं नव्हतं. कुटुंब न्यायालयांचा 1984 चा कायदा झाला, तेव्हापासून तिथे समुपदेशक असतात आणि बहुतेकांच्या कानावर हा शब्द तिथूनच येतो. पूर्वी असली भांडणं मिटवायला थोरले मामा यायचे. पण मामा कुणाचा तरी मामा असतो, ही त्यातली अडचण.

शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा प्रत्येकाला वेगवेगळं बोलावलं. मला विचारलं, "घरात कुणी हात उगारतं का? कुणाची भीती वाटते?" मला रागच आला. आम्ही काय तसली माणसं? त्यांनी शांतपणे सांगितलं की जिथे मारहाण असते तिथे सगळ्यांना एका खोलीत बसवायचं नसतं. अशा घरातली बाई इथे खरं बोलते आणि घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. तिथे आधी तिची सुरक्षितता, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी. बाकी सगळं नंतर. मुलाला त्यांनी झोपेबद्दल विचारलं, जीव नकोसा वाटतो का तेही विचारलं आणि टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये टाकायला लावला. रात्री-अपरात्री कधीही लागतो, पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या वेळी चौघंही गेलो. सासूबाईसुद्धा आल्या, "बघू तरी काय करतात" म्हणून. बाईंनी कागदावर आमचं घर काढलं. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. कोण कोणाशी बोलतं त्याच्या सरळ रेघा, जिथे बिनसलंय तिथे नागमोडी. यांच्या आणि मुलाच्या चौकोनांमध्ये कोरा कागद. माझ्या वर्तुळाला मात्र चहूकडून रेघा, शिसपेन्सिलीने काळं झालेलं. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "ही तर टेलिफोन एक्सचेंज झाली!" सगळे हसले. मी नाही हसले.

मग बाईंनी मला विचारलं, "तुम्ही निरोप जसाच्या तसा पोचवता?"

मी हो म्हणाले आणि मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, गणपतीच्या आधी मी सांगितलं होतं, राहिलेले विषय देईपर्यंत बाबांच्या वर्कशॉपमध्ये येऊ का, विचार. त्यांचं काहीच उत्तर आलं नाही."

यांनी वळून विचारलं, "कधी?"

मी तो निरोप दिलाच नव्हता. हे चिडतील, 'लेथवर उभं राहायला इंजिनीअरिंगला घातलं होतं का' म्हणतील, या भीतीने दाबून टाकला होता. आणि यांचं "तो जेवला का?" मी मुलापर्यंत "बाबा म्हणतायत, वेळेवर जेवत जा" असं नेत होते. घर शांत ठेवतेय या समजुतीत दोन्हीकडची पत्रं मी फोडून, खाडाखोड करून पुढे पाठवत होते. त्या खोलीत मला जेवढी लाज वाटली, तेवढी माहेरी-सासरी कधी वाटली नव्हती.

बाईंनी कुणाला दोष दिला नाही आणि उपदेशही केला नाही. घरी करायला एकच काम दिलं: महिनाभर मी कुणाचा निरोप न्यायचा नाही. मागितला तर म्हणायचं, "तो समोर बसलाय, त्यालाच विचारा." पहिले चार दिवस घर नुसतं भांड्यांचा आवाज करत होतं. पाचव्या दिवशी यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "सकाळी साडेआठला निघतो मी. येणारेस?"

एकूण सहा वेळा गेलो. मुलाचे दोन विषय अजून राहिलेत. ह्यांचा आवाज अजूनही चढतो, तोही आता उलट उत्तर देतो. परवा संध्याकाळी वर्कशॉपच्या हिशेबावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मी कणीक मळत होते. मळत राहिले.