लेकीची पहिली रायफल

आईची काशीयात्रा दरवर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत राहून जायची. शेवटी गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं निघालो. आई, बायको, तेरा वर्षांची लेक आणि मी. कल्याणला महानगरी एक्सप्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी वाराणसीला उतरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दशाश्वमेध घाटावर होतो. स्नान आटोपून आई पायरीवर जप करत बसली होती. शेजारचाच घाट अहिल्याबाईंच्या नावाचा, त्यामुळे तिला अगदी माहेरी आल्यासारखं वाटत होतं. लेकीला मात्र कंटाळा आला होता. तेवढ्यात तिला फुगेवाला दिसला.

पाण्याच्या कडेला एका लांब दोरीला रंगीत फुगे बांधून सोडले होते. ते लाटांवर हलत होते. पायरीवर एक म्हातारे चाचा जुनी छर्ऱ्याची बंदूक घेऊन बसले होते. दहा छर्रे, तीस रुपये. जत्रेत आपण सगळ्यांनीच हा खेळ खेळलेला असतो. मी पैसे दिले.

लेकीचे पहिले चार छर्रे पाण्यात गेले. चाचा म्हणाले, “बिटिया, ये दाहिने मारती है. थोड़ा बायें लेके चलाओ.” तिनं डावीकडे नेम धरला. पाचवा फुगा फुटला, सहावाही फुटला. सातव्यासाठी तिनं डोळा मिटला आणि चाचांनी एकदम नळीवर हात ठेवून बंदूक खाली दाबली. “रुको. नाव जाने दो.”

फुग्यांच्या मागून, बरीच लांबून, यात्रेकरूंची एक नाव चालली होती. खरं सांगतो, मला ती दिसलीच नव्हती. मी फुग्याकडे बघत होतो, लेकही फुग्याकडे बघत होती. फुग्याच्या मागे काय आहे, याकडे फक्त चाचांचं लक्ष होतं. नाव हळूहळू पुढे सरकली. लेक नळी खाली करून, न बोलता उभी राहिली. मग तिनं छर्रा मारला आणि तो चुकला. तरी चाचा म्हणाले, “शाबास.”

संध्याकाळी आरतीच्या गर्दीत, घंटांच्या आवाजात, ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, मला एअर रायफल घ्याल?”

परतीच्या प्रवासात घरात दोन पक्ष पडले. बायको म्हणाली, “शिकू दे की, खेळच आहे.” आई गप्प होती. जबलपूर गेल्यावर ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “तुला बुलबुल आठवतो का रे?”

मला आठवत होता. मी सातवीत असताना मामाकडे छर्ऱ्याची बंदूक होती. आंब्याच्या झाडावर बसलेल्या बुलबुलावर मी नेम धरला, लागेल असं वाटलंच नव्हतं. लागला. तो खाली पडला तेव्हा जिवंत होता. आईनं त्याला पाणी पाजायचा प्रयत्न केला होता. त्यानंतर मी बंदुकीला हात लावला नाही आणि हे लेकीला कधी सांगितलंही नाही. त्या रात्री डब्यातल्या निळ्या दिव्यात सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी तिला सलीम अलींची गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलानंही लहानपणी एअरगनने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे मामांना सांगता येईना, म्हणून त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड साहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. पुढे सलीम अली देशातले सर्वांत मोठे पक्षितज्ज्ञ झाले आणि आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या चिमणीला जागा दिली. पण प्रत्येक मुलाला असा मामा आणि असे मिलार्ड साहेब भेटतात असं नाही. शिवाय आता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बुलबुलावर नेम धरणं हा आज गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे.

“मी कागदावरच मारीन,” लेक म्हणाली. आईनं तिच्या हातावर हात ठेवला. परवानगी मिळाली, असं आम्ही समजलो.

आता प्रश्न पैशांचा होता. काशीच्या प्रवासानंतर आमच्याकडे जेमतेम बारा हजार रुपये बाजूला निघत होते. मी मुंबईतल्या एका दुकानात गेलो. विक्रेत्यानं काळी, दुर्बीण लावलेली, सिनेमात शोभेल अशी रायफल समोर ठेवली. “साहेब, हिचा वेग बघा. हजार फूट सेकंदाला.” किंमत ऐकून मी चहा प्यायला बाहेर आलो तो परत गेलोच नाही.

नशीब चांगलं म्हणून त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या एका शूटिंग रेंजवर गेलो. तिथल्या प्रशिक्षकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: “महिनाभर काही विकत घेऊ नका. रेंजची रायफल वापरू दे.”

हा सल्ला मी तुम्हालाही देईन. महिनाभरात मुलाचं वेड उतरलं, तर पैसे वाचतात. नाही उतरलं, तर आपल्याला काय हवंय ते कळलेलं असतं. आमच्या लेकीचे पहिले आठ दिवस तर छर्रा न मारताच गेले. उभं कसं राहायचं, कोपर कुठे टेकवायचं, श्वास कधी रोखायचा आणि मन स्थिर नसेल तर नेम सोडून रायफल खाली कशी ठेवायची. शेवटची गोष्ट ती पटकन शिकली. घाटावर एकदा झाली होतीच.

त्या महिन्यात मलाही बरंच कळलं. वेगाचंच घ्या. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्रानं ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, त्या दहा मीटर एअर रायफलमध्ये छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटरच्या आसपास जातो. दुकानातल्या ‘हजार फुटां’चे तीनशेहून अधिक मीटर होतात. म्हणजे ऑलिम्पिकची रायफल त्या काळ्या रायफलीपेक्षा कितीतरी मंद! नेमपत्रावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे वेगाचा उपयोग नाही, प्रत्येक वेळी सारखंच वागणारी रायफल हवी.

वेग कायद्याच्या दृष्टीनंही बघावा लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. हिशोब शाळेतलाच आहे. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला २०० मीटर वेगानं गेला तर ऊर्जा १० ज्यूल. वेग २८० मीटरवर गेला की तीच ऊर्जा २० ज्यूलच्या उंबरठ्यावर येते. लेकीनं हे गणित स्वतः वहीत सोडवलं. तेव्हापासून ‘जास्त ताकदीची घेऊया’ हा विषय आमच्या घरात संपला.

कमी बजेटमध्ये मिळते ती बहुधा स्प्रिंगची रायफल. नळी मधून मोडायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते. छर्रा भरायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. हवेच्या टाकीवर चालणारी रायफल जास्त अचूक आणि झटका नसलेली, पण महाग. वर हवा भरायचा पंप किंवा सिलिंडर हवा. चांगल्या परदेशी स्पर्धा-रायफलची किंमत लाखांत जाते. ती आमच्यासाठी नव्हती.

स्प्रिंग जितकी ताकदवान, तितकी नळी मोडायला जड. प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, “दुकानात मुलीलाच वीस वेळा नळी मोडायला लावा. पंधराव्या वेळी तिचा चेहरा बघा.” आम्ही तेच केलं. पहिली रायफल बाराव्या वेळी नको झाली. दुसरीचा दस्ता इतका लांब होता की खांद्याला लावल्यावर मान ताणावी लागत होती. तिसरी दिसायला अगदी साधी. लाकडी दस्ता, दुर्बीण नाही, पुढे टोक आणि मागे खाच. वीस वेळा मोडूनही लेक हसत होती. तीच घेतली. दुकानदारानं माझ्या ओळखपत्राची प्रत घेतली, बिल दिलं.

दुर्बिणीचा मोह मुद्दाम टाळला. स्प्रिंगचा झटका मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्यात स्वस्त दुर्बीण खिळखिळी होते. शिवाय नवशिक्यांसाठी उघड्या नेमाच्या रायफलीची वेगळी स्पर्धाही असते. त्यामुळे साध्या रायफलीनंही जिल्हा पातळीवर उतरता येतं.

आमचा बारा हजारांचा हिशोब असा झाला. रायफल ७,०००. सपाट तोंडाच्या छर्ऱ्यांचे डबे १,२००. हे छर्रे कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, त्यामुळे गुण मोजायला सोपं जातं. डोळ्यांचे दोन संरक्षक चष्मे ४००. छर्रे अडवायला वेल्डरकडून करून घेतलेली जाड पत्र्याची पेटी ६००, ती आम्ही रेंजवरच ठेवली आहे. कुलूप लागणारी बॅग ९००. उरलेले १,९०० रेंजच्या शुल्कासाठी. सगळे पैसे रायफलीतच घातले असते, तर ती कपाटात पडून राहिली असती.

वापरताना काही गोष्टी पाळायच्या असतात. नळी मोडलेली असताना ती घट्ट धरून ठेवायची, नाहीतर सुटून बोटं चेंगरतात. छर्रा न भरता चाप ओढायचा नाही, स्प्रिंग आणि दट्ट्या खराब होतात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा खायला बसायचं नाही. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय नळी वर करायची नाही.

रेंजच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकलेला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. दोघांचाही तो प्रकार पन्नास मीटर रायफलचा, त्यात हवा नाही, काडतूस असतं. लेकीनं विचारलं, “मी तिथे जाईन का?” प्रशिक्षक म्हणाले, “आधी दहाच्या दहा छर्रे काळ्या वर्तुळात जाऊ देत.” मला हे उत्तर आवडलं. बापाच्या बारा हजारांचं ओझं मुलीच्या खांद्यावर ठेवायचं नसतं, रायफलीचं पुरे.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. घरात, गच्चीत, बाल्कनीत रायफल चालवायची नाही, असं पहिल्याच दिवशी ठरलं. बॅगेची किल्ली आईकडे असते, तिच्या जपमाळेच्या पिशवीत. मागायची तर आजीला कारण सांगावं लागतं.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी शेजारच्या काकू आल्या होत्या. बाल्कनीत कबुतरांनी नुसता उच्छाद मांडला होता. कपडे, कुंड्या, सगळं घाण केलेलं. काकू चेष्टेनं लेकीला म्हणाल्या, “अगं, तुझ्याकडे बंदूक आहे ना? उडव की एखादं.”

मी पेपर खाली केला. आईच्या हातातली माळ थांबली. आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर तो आंबा आला असणार.

लेकीनं मान वर करून बघितलंही नाही. ती नेमपत्रावरची भोकं मोजत होती. म्हणाली, “काकू, समोरच्या इमारतीत माणसं राहतात. आणि कबुतर काही कागदाचं नाहीये.”

मग उठली, बाल्कनीत गेली, टाळ्या वाजवून कबुतरं उडवून आली आणि नेमपत्र आजीसमोर धरलं. “आजी, बघ. दहापैकी सात काळ्यात.”

आईनं चष्मा लावून भोकं मोजली. “आणि उरलेली तीन?”

“उजवीकडे गेली. थोडं डावीकडे धरायला हवं होतं.”

आईनं माळेच्या पिशवीत हात घातला, किल्ली आहे ना ते चाचपलं आणि पुन्हा जपाला लागली.