चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा

साताऱ्याकडे जाणारी आपली बेळगावची मंडळी बहुधा कास पठार किंवा ठोसेघरचा धबधबा पाहून परततात. ठोसेघरच्या थोडे पुढे चाळकेवाडीचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच, झाडे तुरळक आणि चहूकडे पवनचक्क्या. पावसाळ्यात इथे छत्री उघडली की उलटी झालीच म्हणून समजा!

इथे जरा थांबून पाहावे. एक चक्की भरभर फिरते, शेजारची रेंगाळते. एखादी दुरुस्तीसाठी बंद असते हे खरे. पण पुष्कळदा कारण वाऱ्यातच असते. मराठीत वारा म्हणा, कन्नडात गाळी म्हणा, तो सगळीकडे सारखा नसतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा हा हजारो किलोमीटरचा प्रवाह. तो सह्याद्री चढतो, कोयनेचे खोरे ओलांडतो आणि पठाराच्या कडेला थडकतो. कुठे त्याचा वेग वाढतो, कुठे भोवरे होतात. प्रत्येक चक्कीमागेही हवा मंदावते. म्हणून वाऱ्याच्या दिशेने दोन चक्क्यांत पात्यांच्या व्यासाच्या पाच ते दहा पट अंतर ठेवतात.

हे सारे संगणकावर मांडायचे कसे? हवामानाचा नेहमीचा अंदाज काही किलोमीटरच्या चौकटींत केला जातो. भोवरे दिसायला चौकट दहा-वीस मीटरची हवी. तशी साऱ्या राज्यासाठी केली तर हिशेब आवरत नाही. म्हणून मोठ्या चौकटीत लहान, तिच्यात आणखी लहान, अशी उतरंड रचतात. अडते ते मधल्या, काहीशे मीटरच्या पायरीवर. तिथे भोवरे धड दिसत नाहीत आणि धड सरासरीतही धरता येत नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन वाइनगार्ड यांनी २००४ मध्ये या टप्प्याला 'अज्ञात प्रदेश' म्हटले.

हा नुसता शास्त्रज्ञांचा वाद नव्हे. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेगाचा अंदाज १० टक्के चढा निघाला तर शक्तीचा ३३ टक्के चढा निघतो. चक्कीच्या कर्जाचे हप्ते अशाच आकड्यांच्या भरवशावर ठरतात.

आपल्याकडे खळ्यावर उफणणी करणाऱ्याला रानातली वाऱ्याची जागा ठाऊक असे. संगणकाला ती ओळखायला अजून कष्ट पडतात, आणि त्याचे उत्तर शेवटी पठारावरच्या वारा मोजणाऱ्या मनोऱ्याशीच ताडून पाहावे लागते. पुढच्या खेपेला मुलांना तिथे जरूर न्या. कोणती चक्की रेंगाळते आणि का, हे त्यांनाच शोधू द्या.