चित्रफीत उलटी चालते तेव्हा

मुलांनो, उर्दू तुम्ही उजवीकडून वाचता आणि मराठी डावीकडून. पण एखादी चित्रफीत तुम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिली आहे का? मी लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करतो. संगणकावर एक कळ दाबली की सांडलेले दूध पेल्यात परत चढते!

ही गंमत नवी नाही. 1896 साली फ्रान्समध्ये लुई ल्युमिएर यांनी भिंत पाडण्याचे दृश्य चित्रित केले. प्रेक्षकांना ते सुलटे दाखवत आणि मग उलटे. धुळीतून भिंत उभी राहताना पाहून लोक थक्क होत.

चित्रफीत म्हणजे स्थिर चित्रांची रांग. सिनेमात सेकंदाला 24 चित्रे असतात, मोबाईलमध्ये सहसा 30. रांग उलटी फिरवली की काळ मागे गेल्यासारखा वाटतो. आवाजाचे मात्र वेगळे आहे. 'नवीन' हा शब्द कागदावर दोन्ही बाजूंनी सारखाच. पण त्याचा आवाज उलटा लावा, काहीसे 'नीवन' ऐकू येईल.

वेगही बदलता येतो. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (1913) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची थोडी थोडी चित्रे बरेच दिवस घेतली आणि ती सलग दाखवली. दिवसांची वाढ क्षणांत दिसली. याउलट प्रत्येक चित्र चार वेळा दाखवले, तर एका सेकंदाचे चार सेकंद होतात.

या चार सेकंदांनी आमच्या मोहल्ल्यात केवढे भांडण लावले! फुटबॉलच्या सामन्यात एका मुलाचे कोपर दुसऱ्याच्या नाकावर बसले. कोणीतरी ते दृश्य चौपट संथ करून मोबाईलवर पाठवले. कोपर सावकाश उठते, सावकाश वळते. जो तो म्हणू लागला, "मुद्दाम मारले!" त्या मुलाला संघातून काढायचे ठरत होते.

दोघांनाही घेऊन मुले माझ्याकडे आली. मूळ चित्रफीत मागवून मी चित्रे मोजली. कोपर उठल्यापासून नाकाला लागेपर्यंत 12 चित्रे! म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात ठरवून कोण मारणार? अमेरिकेतील संशोधकांनी 2016 साली हेच तपासले होते. तीच घटना संथ गतीने पाहिली की ती जाणूनबुजून केली असे लोकांना अधिक वाटते.

मी मूळ वेगाने चित्रफीत लावली. मुले गप्प झाली. नाकाला पट्टी लावलेला मुलगा म्हणाला, "पुन्हा लावा." तीनदा पाहून तो मान हलवत म्हणाला, "चेंडूकडेच बघत होता तो."

दुसऱ्याने हळूच विचारले, "चाचा, ही फीत सगळ्यांना पाठवाल ना?"

मी लगेच पाठवली. पण संथ केलेली फीत तोवर कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये गेली होती, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना.