निळी बाटली

आमच्या शाळेच्या कपाटात मिथिलीन ब्ल्यूची एक लहानशी बाटली आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराच्या गळ्यात शास्त्राचा तास पडला, तो दुसरे कोणी नव्हते म्हणून. गेल्या वर्षी आम्ही त्या रंगाने दुधाची परीक्षा घेतली. दुधात जंतू जितके अधिक, तितका रंग लवकर उडतो. एका मुलाच्या दोन्ही नळ्यांत दूध एकच. पण खिडकीतली नळी आधी पांढरी झाली, कपाटातली मागे राहिली. त्याने दोन्ही वेळा प्रामाणिकपणे वहीत मांडल्या. मी त्यांवर फुली मारली आणि वर्गासमोर म्हणालो, "घड्याळ कळत नाही का रे तुला?"

पुढे एका पुस्तकात ऑस्कार राब भेटला. म्युनिकचा हा विद्यार्थी पॅरामेशियम नावाच्या सूक्ष्म जीवांवर अ‍ॅक्रिडीन रंग घालून पाहत होता. कधी ते लवकर मरत, कधी उशिरा. त्याच्या गुरूंनी, फॉन टापायनर यांनी, फुली मारली नाही. फरक उजेडाचा होता. १९०० साली ते छापून आले.

१९३१ साली अमेरिकेत क्लिफ्टनने हाच खेळ फाजांवर केला. फाज म्हणजे जंतूंनाच ग्रासणारे विषाणू. (जंतूंनाही आजार असतात हे वाचून मला, कबूल करतो, थोडे बरे वाटले!) अंधारात मिथिलीन ब्ल्यू त्यांना फारसे काही करीत नाही. तो निळा दिसतो, कारण तांबडा उजेड गिळतो. गिळलेली शक्ती तो शेजारच्या प्राणवायूला देतो, आणि चेतलेला प्राणवायू फाजाच्या न्यूक्लिइक आम्लावर, विशेषतः त्यातल्या ग्वानिनवर, घाला घालतो. मग त्या फाजाची जंतूच्या पोटात वीण होत नाही. रंग, उजेड, प्राणवायू. यांतले एक काढा, काम अडले. युरोपात रुग्णांना द्यायच्या रक्तद्रवातले विषाणू याच युक्तीने निकामी करतात.

दुधातली गोष्ट अगदी हीच नव्हे. तिथे उजेड रंग उडायला हातभार लावतो, म्हणून नळ्या अंधारात ठेवायच्या असतात. ते मला ठाऊक नव्हते. मुलाचे घड्याळ बरोबर होते.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्याला बोलावले. म्हटले, "चूक माझी होती. ती वही आण."

"रद्दीत गेली, सर." मग जरा थांबून म्हणाला, "पण दोन्ही वेळा पाठ आहेत."

त्याने सांगितल्या. मी फळ्यावर लिहून घेतल्या.