पाखरांचे यजमान

पाखराला आसरा देणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. उन्हाळ्यात अंगणात पाण्याचे परळ ठेवणारी, वळचणीला घरटे दिसताच झाडू आवरता घेणारी माणसे प्रत्येक देशात असतात. परंतु उत्तर अमेरिकेत एका पक्ष्याच्या बाबतीत ही हौस आता जबाबदारी होऊन बसली आहे. त्या पक्ष्याचे नाव पर्पल मार्टिन. मराठीत त्याला जांभळा मार्टिन म्हणता येईल.

आपल्याकडील माळभिंगरीच्या कुळातला हा पक्षी जेमतेम वीतभर लांबीचा आणि सुमारे 50 ग्रॅम वजनाचा असतो. नराचा रंग काळसर. त्यावर ऊन पडले की निळ्या-जांभळ्या रंगाची झळाळी उमटते. हिवाळा तो दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलच्या परिसरात काढतो आणि वसंत ऋतूत हजारो मैल उडून उत्तरेला येतो. फ्लोरिडात पहिले पक्षी जानेवारीतच दिसू लागतात. कॅनडाच्या बाजूला पोहोचायला एप्रिल-मे उजाडतो.

पश्चिमेकडे काही ठिकाणी, विशेषतः ॲरिझोनाच्या वाळवंटात, तो अजूनही सुतार पक्ष्यांनी निवडुंगात कोरलेल्या ढोलीत घरटे करतो. पूर्वेकडचा मार्टिन मात्र जवळजवळ सर्वस्वी माणसाने उभारलेल्या घरांवर अवलंबून आहे. ही सवय त्याला गोऱ्या वसाहतवाल्यांनी लावलेली नाही. त्यांच्या आधीपासून तेथील मूळ रहिवासी जमाती वाळवून पोकळ केलेले भोपळे आपल्या वस्तीत उंचावर टांगत असत. चोक्टॉ आणि चिकसॉ लोकांच्या या प्रथेची नोंद अलेक्झांडर विल्सन या पक्षितज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करून ठेवली आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे आतिथ्य स्वीकारता स्वीकारता पाखरू रानातील ढोली विसरले आणि माणसाच्या शब्दावर विसंबून राहिले.

इलिनॉय राज्यातील एका लहान गावात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाला हे सारे ठाऊक नव्हते. त्यांनी घर विकत घेतले तेव्हा मागील अंगणात एक उंच खांब आणि त्यावर बारा खोल्यांचे पांढरे ॲल्युमिनियमचे घर आयतेच मिळाले. सांगलीहून मुलाकडे राहायला आलेल्या आजींना त्या घराचे मोठे कौतुक वाटे. शेजारचे वृद्ध गृहस्थ पुष्कळ वर्षे मार्टिन पाळीत आले होते. ‘पाळणे’ हा शब्द तितकासा बरोबर नाही, कारण या पक्ष्याला कोणी कोंडत नाही. तिकडे असे लोक स्वतःला घरमालक म्हणवतात. त्या घरमालकाने आजींच्या मुलाला सर्व शास्त्र समजावून दिले. खांब 12 ते 15 फूट उंच असावा. झाडे 40 फुटांच्या आत नसावीत, म्हणजे ससाण्याला दडून झडप घालता येत नाही. माणसांचे घर मात्र जवळ असावे. वर्दळीजवळ मार्टिनला सुरक्षित वाटते. दोरी आणि कप्पी लावून घर खाली घेता आले पाहिजे, आणि रॅकून व साप वर चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचा अडसर हवा.

एके काळी अशी घरे डासांच्या नावावर खपली. एक मार्टिन दिवसाला 2000 डास खातो, असे जाहिरातींतून सांगितले जाई. पुढे अभ्यासकांनी तो समज खोडून काढला. हा पक्षी दिवसा, उंच आकाशात चतुर, माश्या, उडते भुंगेरे असे कीटक टिपतो. डास बहुतेक संध्याकाळनंतर आणि जमिनीलगत असतात. म्हणजे घर देणाऱ्याच्या पदरात व्यवहारी लाभ फारसा पडत नाही. तरीही हजारो लोक दर वसंतात खांब उभे करतात, यातच या आतिथ्याचे खरे मोल आहे.

त्या कुटुंबाच्या घरात पहिल्या वर्षी मार्टिन आले नाहीत. आल्या त्या चिमण्या. आजींचा आनंद गगनात मावेना. मेणाच्या घरातली चिऊताई सातासमुद्रापलीकडे भेटली होती! शेजाऱ्यांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. ही चिमणी अमेरिकेची नव्हे. 1851च्या सुमारास ती युरोपातून ब्रुकलिनमध्ये आणून सोडण्यात आली. त्यानंतर 1890मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे 60 स्टार्लिंग, म्हणजे आपल्या भोरडीचे भाऊबंद, सोडले गेले. दोन्ही पक्षी ढोलीत घरटे करणारे, थंडीतही तेथेच राहणारे आणि आक्रमक. मार्टिन दूरच्या प्रवासाहून परतेपर्यंत ते घरे बळकावतात. मार्टिनची अंडी फोडतात, पिल्ले मारतात. ब्ल्यूबर्डसारख्या लहान देशी पक्ष्यांचीही हीच गत होते. मार्टिनला 1918च्या कायद्याचे संरक्षण आहे. या दोन पाहुण्यांना नाही. म्हणून अनेक घरमालक चिमण्या सापळ्यात धरून मारतात. शेजाऱ्यांनीही निर्विकारपणे तोच सल्ला दिला आणि आपला सापळा देऊ केला.

“आई, ही चिमणी इथली नाही गं. बाहेरून आणलेली आहे,” मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला.

“मग आपण तरी कुठले रे इथले?” आजींनी विचारले.

या प्रश्नापुढे सापळा परत गेला. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटला नव्हता. हात जोडून स्वस्थ बसणे म्हणजे अहिंसा, असे समजणे सोपे आहे. ज्याला घर दाखवून बोलावले, त्याची अंडी फुटताना पाहत राहणे हीसुद्धा एक प्रकारची हिंसाच ठरली असती. आजींनी शेजाऱ्यांना मुलाकरवी एवढेच विचारले, की मारण्याची वेळच येऊ नये यासाठी काय करता येते?

करता येण्याजोगे पुष्कळ निघाले. त्याला कष्ट मात्र लागत होते. मार्टिन परतेपर्यंत खोल्यांची दारे बुचे घालून बंद ठेवायची. दाराचे गोल भोक बदलून चंद्रकोरीच्या आकाराचे करायचे. त्याची उंची अवघी 1.19 इंचांच्या आसपास असते, त्यातून मार्टिन सरपटत आत जातो, पण जाड अंगाच्या स्टार्लिंगला बहुधा शिरता येत नाही. चिमणीला ही युक्ती अडवत नाही. म्हणून तिचे गवत-काड्या अंडी घालण्यापूर्वीच, रोज घर खाली घेऊन, काढून टाकायच्या. अंगणात स्वस्त दाणे टाकणे बंद करायचे. हे शेवटचे आजींना जड गेले, कारण सकाळी मूठभर दाणे टाकणे हा त्यांचा सांगलीपासूनचा नेम होता. तो त्यांनी मोडला. दयेलाही जागा आणि वेळ पाहावी लागते, हे त्यांना पटले.

दुसऱ्या वर्षीचा सारा वसंत त्या दोरीवर गेला. चिमणी चिकाटीची, रोज काढलेल्या काड्या ती रोज पुन्हा आणी. सुनेने घड्याळ लावून सकाळची पाळी घेतली, नातवाने दुपारची. मे महिन्यात एक तरुण जोडी आली. जुने, अनुभवी मार्टिन आपल्या पूर्वीच्या ठिकाणीच परततात. नव्या घरात बहुधा आदल्या वर्षी जन्मलेले पक्षीच येतात. मादीने चार अंडी घातली, पंधरा-सोळा दिवस उबवली आणि पुढे महिनाभर दोघांनी पिल्लांना चतुर आणून भरवले. चार पिल्लांपैकी तीन उडाली.

ऑगस्ट लागला की मार्टिन मोठ्या थव्यांत एकत्र येतात आणि दक्षिणेकडे निघून जातात. मागे राहते ते रिकामे घर. ते उतरवायचे, धुवायचे, दारे बंद करायची. आभार मानायला कोणी थांबत नाही. खांबाची काळजी घेणारा वृद्ध झाला किंवा निवर्तला, तर वर्षानुवर्षे भरलेली वस्ती काही काळात ओस पडते. म्हणूनच असे घर उभारताना आपल्यामागे दोरी कोण धरील, याचाही विचार करावा लागतो. त्या कुटुंबात तो झाला आहे. बुचे कोणत्या डब्यात ठेवली आहेत, हे आता आजींपेक्षा नातवाला अधिक ठाऊक असते.